नको म्हणजे अर्धा कप

बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी चहाला नको म्हणून रद्द केलं.

झालं असं. सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. पलीकडे एक बाई. आवाज इतका अगत्याचा की मी लेंग्याची नाडी नीट करून बसलो. "उद्याची वेळ ठेवायची का? हो किंवा नको म्हणा." मी हो म्हणणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, चहा टाकू का. मी म्हणालो, "नको."

आता, आमच्या घरात नको म्हणजे अर्धा कप. लग्न झाल्यापासून त्याचा दुसरा अर्थ कधी निघालेला नाही. बाईंनी मात्र तितक्याच गोडीनं वेळ रद्द झाल्याचं सांगून माझे आभार मानले. अहो, ते तुम्हाला नव्हतं, हिला होतं, अशी मी विनवणी करत राहिलो. त्या बाई नव्हेत, मशीन आहे, हे मला अर्धा कप घेऊन आलेल्या हिनं सांगितलं.

मग काय घडलं ते मी सांगितलं. तिनं कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. डोळ्याला कोणी हात लावणार या कल्पनेनंच तिला धडकी भरायची. मनाची तयारी होईतो अख्खा पावसाळा गेला. तोवर तांदूळ ती बोटांनी चाचपून निवडत होती.

"पुन्हा एवढा धीर माझ्याच्यानं व्हायचा नाही," ती म्हणाली.

आम्ही दोघं तडक हॉस्पिटलात निघालो. शनिवार पेठेतून जवळच्या अंतराला रिक्षा मिळवणं हेही एक ऑपरेशनच. ते पार पडल्यावर वाटेत मी विचारात पडलो. असल्या यंत्रांना बिचकणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना मी आजवर हसत आलो. पण बँकेतला खडूसातला खडूस कारकूनसुद्धा चष्म्यावरून बघून विचारतो, कोणाला म्हणताय? मिक्सर बोलत नाही, त्यामुळे त्यानं समजून घ्यावं असंही कोणाला वाटत नाही. हे मशीन बोलतं अगदी घरच्यासारखं, आणि घरात कोण कोणाशी बोलतंय याचा त्याला पत्ता नसतो. बिचकेल नाहीतर काय माणूस?

हॉस्पिटलातल्या मुलीनं संगणकात पाहिलं. उद्याची वेळ अजून कोणाला गेली नव्हती. तिनं ती परत दिली, तेव्हा कुठे हिनं माझं कोपर सोडलं.

संध्याकाळी खात्रीसाठी पुन्हा फोन येईल, मुलगी म्हणाली. याच नंबरवर ना, काका? मी खणखणीत हो म्हणालो.

"माझा नंबर घाल गं," ही म्हणाली. "ह्यांच्यापेक्षा तुमचं मशीन बरं. एकदा सांगितलेलं त्याला कळतं तरी."