रसायनाची पातळी

दत्तोपंत बारामतीला कालव्याच्या कचेरीत पाण्याची पातळी नोंदवत. रोज सकाळी आकडा, महिनाअखेर आलेख. वीस वर्षांत त्यांना चढउताराचं वेडच लागलं.

१९३५ साली पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकाने दहा वर्षांची शास्त्रीय मासिकं रद्दीत काढली. दत्तोपंतांनी ती घरी आणली. वाचायला नव्हे, मोजायला. मुखपृष्ठावर लेखांची यादी असे. ते लेख मोजत आणि कुठलं शास्त्र चढतंय, कुठलं उतरतंय, ते आलेखावर मांडत. मुखपृष्ठ नसलेल्या अंकाला शून्य. न दिसलेलं पाणी त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी लेक सरोजिनी इंटर सायन्स झाली. तिला रसायन घ्यायचं होतं. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती, आणि फॉर्म शनिवारी पुण्यात पोचायला हवा होता.

दत्तोपंतांनी आलेख उलगडला. रसायनाची रेघ शेवटची तीन वर्षं कोसळत होती. त्यांनी ती पट्टीने पुढे वाढवली होती.

"हे शास्त्र चाळीसच्या मार्चमध्ये संपतंय, बाळ. वनस्पतिशास्त्र घे."

सरोजिनी रडली नाही. माळ्यावर चढून तिने गठ्ठे उपसले. त्या तीन वर्षांच्या रसायनाच्या अंकांना मुखपृष्ठंच नव्हती.

"ती होय?" तिची आई मंदाकिनीबाई चुलीजवळून म्हणाल्या. "लोणच्याच्या बरण्यांवर बांधली. जाड होती. त्या झाडपाल्याच्या मासिकाचा कागद अगदीच पातळ."

दुसरा बाप हसला असता आणि सही करून मोकळा झाला असता. दत्तोपंतांनी घरातल्या बरण्यांवरचे कागद सोडून त्यांवरचे लेख मोजले. बाकीच्या नऊ बरण्या अंथुर्णे गावी, लिंबू-पेरूची बाग असलेल्या महिपतीच्या घरी गेल्या होत्या, लिंबांच्या बदल्यात. शुक्रवारी लेकीला आणि फॉर्मला घेऊन ते मोटारीने तिथं गेले.

"या की, रावसाहेब! लोणचं संपलं व्हय?"

"लोणचं राहू द्या, महिपतराव. झाकणं दाखवा."

"पावनं आतलं बगत्यात," महिपतीची बायको प्रयागबाई म्हणाली. "ह्ये तोंडच बगाय आलं!"

आठ तेलकट कागद दत्तोपंतांनी उन्हात धरून मोजले. तरी रेघ उतरतीच राहिली, चार लेखांनी. नववी बरणी प्रयागबाई सोडेना.

"मुरतीया ती. पंधरा दिस हात न्हाय लावायचा."

"चारच ना?" महिपती म्हणाला. "मग लिवा की चार! कोन बगतंय?"

दत्तोपंतांचा चेहरा पडला. "मी बघतो ना, महिपतराव."

सरोजिनीने प्रयागबाईचा हात धरला. "मावशी, नासलं तर मी दुसरं घालून देईन."

"तुला येतं व्हय?"

"मीठ, तेल, आंबट. रसायनच आहे ते."

प्रयागबाईने बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. खालच्या कागदावर अकरा लेख होते. दत्तोपंतांनी दोनदा मोजले, आणि तिथंच ओट्यावर बसून सही केली.

"चढतंय!" ते म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "पण झाडपाल्याच्या मासिकाचा कागद पातळ. तुम्ही पेरू कशात गुंडाळून पाठवता, महिपतराव?"

महिपती तोंड उघडायच्या आत सरोजिनीने फॉर्म पाकिटात घालून चिकटवलाही होता.