हद्दीत बसलेलं माप

आमच्या ह्यांना वर्कशॉपमध्ये सगळे ‘मिलिमीटर’ म्हणतात. मोटारींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ब्रेकची मापं घेणं हे यांचं काम. वॉरंटीच्या मुदतीत ब्रेकचे पॅड किंवा ते ज्याला घासतात ती चाकामागची लोखंडी डिस्क ठरलेल्या हद्दीपेक्षा पातळ झाली, तर कंपनी फुकट बदलून देते. हद्दीपेक्षा केसभर जाड असली, तर नाही. तो केसभर फरक बघायला हे. घरातही तीच तऱ्हा. मी भिंतीवर फोटो लावला की हे लांब उभे राहून, एक डोळा मिटून सांगणार, “डावीकडे कललाय.” माणूस सरळ आहे, पण आपलं सरळपण चारचौघांना दिसावं ही यांची भारी हौस.

माझ्या सासूबाईंना इंजेक्शन द्यायला दवाखान्यातून एक सिस्टर घरी यायच्या. नोकरीत केस पिकलेले. स्वतःच्या लहानशा गाडीतून घरोघर फिरायच्या. हात इतका हलका, की माझ्या चहाला रोज नावं ठेवणाऱ्या सासूबाई मुकाट्यानं त्यांच्यापुढे दंड धरायच्या. एकदा सिस्टर म्हणाल्या, “ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं हो. दादांना दाखवू का गाडी?”

“विचारताय काय? खुशाल घेऊन जा,” मीच म्हटलं.

त्या गेल्या. यांनी येऊन सांगितलं, “बघितली गाडी, ठीक आहे,” आणि मीही विषय सोडून दिला.

काही आठवड्यांनी सिस्टरच्या जागी दुसरीच मुलगी आली. सासूबाईंनी लगेच चौकशी सुरू केली, तेव्हा ती म्हणाली, “त्यांनी काम सोडलं. हात थरथरायला लागलेत म्हणे. स्टिअरिंगवर जाणवतं त्यांना. गाडी तपासून घेतली, तर गाडीत काहीच दोष नाही. म्हणाल्या, थरथरत्या हातानं मी कुणाला सुई टोचणार नाही.”

संध्याकाळी जेवताना मी हे यांच्या कानावर घातलं. यांचा घास हातातच राहिला.

“हात नाही थरथरत त्यांचे,” हे म्हणाले. “डिस्क खराब आहे.”

मग एकेक बाहेर आलं. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे आतला भाग झिजतो आणि कडेला न झिजलेला उंचवटा राहतो. माप त्याच्या आत घ्यायचं, तेही फिरवून चार ठिकाणी, आणि सगळ्यांत कमी येईल ते धरायचं. हे यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण त्या दिवशी हे चाकाशी वाकलेले असताना साहेब मागे येऊन म्हणाले, “काय मिलिमीटर, घरची गाडी वाटतं? मग आज डिस्क पातळ निघणार!” सगळे फिदीफिदी हसले. यांच्या डोक्यात तिडीक गेली आणि यांनी माप त्या उंचवट्यावरच टेकवलं. आकडा हद्दीत बसला. यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असणार.”

मी खूप चिडले. “ओळखीची म्हणून जास्त द्यायचं नाही, हे समजतं. पण ओळखीची म्हणून तिचं हक्काचंही द्यायचं नाही, हे कुठलं सरळपण?” नंतर मलाही वाईट वाटत राहिलं, कारण मोठ्या तोऱ्यात त्यांना मीच पाठवलं होतं.

रविवारी आम्ही दोघं सिस्टरकडे गेलो. गाडीवर कापड घातलेलं होतं. “विकायची आहे,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईक आणलंत का?”

यांनी नकारार्थी मान हलवली, परवानगी मागितली आणि चाक उतरवलं. यावेळी माप आतून घेतलं, जागा बदलून बदलून. प्रत्येक ठिकाणी वेगळं, आणि बहुतेक ठिकाणी हद्दीखाली. मग हे हात न पुसताच उभे राहिले.

“सिस्टर, डिस्क एकसारखी झिजलेली नाही, म्हणून स्टिअरिंग थरथरत होतं. तुमचे हात ठीक आहेत. मी माप चुकीचं घेतलं होतं. चुकून नाही. लोक हसले, म्हणून.”

सिस्टरनी दोन्ही हात समोर धरले. मीही बघितले. अगदी स्थिर होते.

“रोज सकाळी उठून असेच बघायचे मी,” त्या म्हणाल्या. “कधी थरथरताना दिसायचे नाहीत. तरी मी तुमच्या मापावर विश्वास ठेवला.”

“उद्याच क्लेम पाठवतो. कंपनी डिस्क बदलून देईल,” हे घाईघाईनं म्हणाले. “दवाखान्यातही मी स्वतः येऊन सांगतो. काम परत मिळेल तुम्हाला.”

“मिळेलही. पण आता सुई धरली की माझी नजर पेशंटच्या आधी बोटांवर जाणार. त्याचं काय करायचं, दादा?”

हे वाकून चाक परत बसवायला लागले. एरवी यांना कुणी बोललं, की मी मध्ये पडून चार शब्दांत सावरून घेते. त्या दिवशी मी गप्प बसले.