बिडीतोड वडीची गिऱ्हाइकं

दुकान कुठलंही असो, माल विकला जातो आणि किस्से मागे राहतात. आमच्या शहाद्याच्या दुकानात तर माल थोडा आणि किस्से फार, अशी सुरुवातीची काही वर्षं गेली. कारण आम्ही विकत होतो बिडी सोडवणारी वडी, आणि तीही तंबाखूच्या दुकानात!

झालं असं की माझा भागीदार गेंदमलशेठ याचे वडील, ज्यांना सगळी पेठ बापूजी म्हणायची, तंबाखूचे मोठे व्यापारी. दिवसभर बिडी ओढायचे. खोकला असा, की एक वाक्य पुरं करायला मधे दोनदा थांबावं लागे. गेंदमलने आयुष्यात बिडीला हात लावलेला नव्हता. वडिलांचा श्वास लागलेला पाहून तो एकदा माझ्याकडे आला. मी वैद्याचा मुलगा, जडीबुटीचा धंदा घरचाच. “वैद्यबुवा, बिडी सुटेल असं काही बनवा. भांडवल माझं,” तो म्हणाला. मी वडी बनवली. तो ती घेऊन बापूजींपुढे उभा राहिला. बापूजी म्हणाले, “पयले बाजारले मानू दे, मंग मी मानसू.”

झालं. गेंदमलने ते शब्द गाठीला बांधले. ओट्यावर उजवीकडे बापूजींची तंबाखूची पोती, डावीकडे आमचे वडीचे डबे. मधे बापूजींचा खोकला.

गेंदमलचा एक हट्ट होता. माल घ्यायला आलेला माणूस बाकावर बसेल, पण माल परत करायला आलेला थेट गादीवर, लोडाला टेकून. त्याला आधी पाणी, मग गूळ-शेंगदाणे, मग विचारायचं, काय बिघडलं? मला हे थेर वाटायचे. कळसाडीचा एक शेतकरी गादीवर बसला तेव्हा तर माझा पाराच चढला.

तो म्हणाला, “तुम्हनी वडी इतली कडू शे, तोंडनी चव बदलाले माले दोन बिड्या ओढन्या पडन्यात.”

मी म्हटलं, औषध कडूच असतं. त्यावर गेंदमल माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “वैद्यबुवा, वडी तुम्हाला खायची नाहीये. यांना खायची आहे.” मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी कडू काडेचिराईत काढून ज्येष्ठमध, ओवा, लवंग आणि गूळ घातला. कळसाडीवाला चव घेऊन म्हणाला, “आते ही वडी पोरंच खाई टाकतीन.” ती त्याची पुढची तक्रार होती. गेंदमलने तीही ऐकून घेतली आणि लवंग वाढवायला लावली.

गूळ घातला आणि पावसाळा आला. आमचा दगाजी डबा डोक्यावर घेऊन गावोगावचे बाजार करायचा. स्वतः बिडी सोडलेला, त्यामुळे त्याची हाक खणखणीत. एका बाजारातून तो परतला तो मागे एका माणसाला घेऊन. त्या माणसाने बंडीचा खिसा कापून हातात धरला होता. वड्या विरघळून कापडाला अशा चिकटल्या होत्या, की खिसा कुठे संपतो आणि वडी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. “मन्ही बंडी गयी,” एवढंच तो म्हणाला. गेंदमलने त्याला गादीवर बसवलं, शिंपी बोलावून नवा खिसा लावून दिला आणि मला म्हणाला, “आता वडी भाजलेल्या तिळाच्या कुटात घोळा.” तो माणूस गादीवरून उठायलाच तयार नव्हता.

मग चव जमली, चिकटणं थांबलं, तरी वडी चालेना. लोक न्यायचे आणि परत बिडीवर जायचे. बापूजी उजवीकडून बघत राहायचे. ते जास्त लागायचं.

ब्राह्मणपुरीकडच्या वावरात कापूस वेचणीला जाणारा एक मजूर शेवटी गादीवर बसला. अंग चोरून, पाय जवळ घेतलेले. मग म्हणाला, “शेठ, वडी चांगली शे. पण मी बिडी सोडी नि मन्ही सुट्टी गयी.”

आम्हाला कळेना. त्याने समजावलं. वावरात काम करताना बसायचं एकच कारण असतं, बिडी. बिडी पेटवली की मालक काही म्हणत नाही, ती विझेपर्यंत माणूस बांधावर बसतो. याने बिडी सोडली आणि मालक म्हणाला, “तू तर बिडी ओढस नही, मंग कसाले बठस?” बिडीवाले सावलीत आणि हा एकटा उन्हात!

मी इतकी वर्षं माणसाचं फुप्फुस बघत होतो. त्याची कंबर दुखते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गेंदमलने त्याच दिवशी डब्यावरच्या लेबलात एक ओळ वाढवायला सांगितली: ‘ही वडी उभ्याने घेऊ नये. सावलीत बसून पूर्ण विरघळू द्यावी.’ आणि मला वडी मोठी करायला लावली.

काही आठवड्यांतच एक जमीनदार लेबल नाचवत आला. “मजूर लेबल वाची दखाडतस. बिडीवालास्पेक्षा जास्ती येळ बठी ऱ्हातस!” गेंदमलने त्यालाही गादी दिली. “वडी लहान करतो, शेठ,” तो म्हणाला. “ते परत बिडी ओढतील. फक्त वेचलेल्या कापसाजवळ ठिणगी पडली तर आमच्याकडे येऊ नका.” जमीनदार जाताना मजुरांसाठी डबा घेऊन गेला.

सातपुड्यातून बाजाराला उतरलेला एक पावरा आदिवासी माणूस आला तो दिवस मला फार आवडतो. चारोळी विकून त्याने आधी वडी नेली होती. त्याची बोली मला पुरती कळत नव्हती, दगाजी मधे बसून सांगत होता. म्हणणं असं, की आमच्याकडे एक बिडी पेटली की ती सगळ्यांत फिरते. तुमची वडी मी तोंडात टाकली की शेजारचा नुसता बघत बसतो. मला माणसात बसल्यासारखं वाटत नाही.

गेंदमल उठला आणि थेट सुताराकडे गेला. साचा बदलला. वडी लांबट पट्टीसारखी झाली, मधे खाचा, बोटाने मोडता येईल अशी. पुढच्या बाजाराला तो माणूस आला तेव्हा पहिली पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती मोडली, पहिला तुकडा गेंदमलला दिला, दुसरा दगाजीला, तिसरा मला, आणि उरलेला स्वतः घेतला. चौघंही वडी विरघळेपर्यंत एकत्र बसलो.

सगळ्या तक्रारी अशा गोड नव्हत्या. ब्राह्मणपुरीचीच एक बाई डबा गादीवर आपटून म्हणाली, “पयले मन्हा माणूस बिडीसाठे ओट्यावर बठे. आते चुल्हाजोडे बठस, नि म्हनस भाकर जाड व्हयनी, भाजीमा मीठ कमी शे. तुम्हनी वडी परत ल्या, मन्हं घर माले परत द्या.” दगाजी तोंड फिरवून हसत होता. गेंदमल मात्र गंभीरपणे मला म्हणाला, “लेबलात घाला, सावलीत बसून, घराबाहेर.” ती बाई पुढे आमचं मोठं गिऱ्हाईक झाली. शेजारणींना सांगून वडी खपवायची.

असं करत बाजाराने वडी मानली. दगाजीच्या हाताखाली आणखी विकणारे आले, नंदुरबारचे दुकानदार माल मागू लागले. गेंदमलने डबा उचलला आणि बापूजींपुढे ठेवला. “बाजार मानना, बापूजी.”

बापूजींनी एक तुकडा चाखला. “चांगली शे,” म्हणाले. दम घेतला. “पण तंबाखू कोन पारखी?”

खरी तक्रार ती होती, आणि इतकी वर्षं ती आमच्या शेजारीच बसून होती. तंबाखूचं पोतं आलं की दलाल त्यातला नमुना काढतो, टेंभुर्णीच्या पानात वळतो, आणि व्यापारी तो ओढून पारख करतो. बापूजींच्या जिभेवर अख्ख्या पेठेचा विश्वास होता. न ओढता माल घेणं त्यांना बेइमानी वाटायचं. याला मी काय वडी बनवणार? गेंदमल म्हणाला, “मी पारखसू.” बापूजी खोकत हसले.

गुजरातकडचा दलाल नवा माल घेऊन आला तेव्हा मी ओट्यावरच होतो. त्याने बिडी वळली आणि सवयीने बापूजींपुढे धरली. गेंदमलने मधेच हात घालून ती घेतली आणि पेटवली.

पहिल्या झुरक्याला त्याचे डोळे पाण्याने भरले. दलाल हसून म्हणाला, “धीरे, छोटे शेठ.” गेंदमलने दुसरा झुरका घेतला. कपाळावरची शीर फुगली, पण बिडी खाली ठेवली नाही. “बापूजी,” तो कसाबसा म्हणाला, “धूर कितला येळ आत ठेवाना? सांगा. मी शिकसू.” तिसरा झुरका घेतला आणि तो खोकू लागला. पाठ वाकवून, एक हात छातीवर, मधे श्वास शोधत. तो खोकला आम्ही सगळ्यांनी रोज ऐकलेला होता. दगाजीने माझा दंड धरला.

बापूजी लोड सोडून उठले. मुलाच्या बोटांतून बिडी काढली आणि ओट्याच्या दगडावर दाबून विझवली. मग तसेच उभे राहिले, स्वतःचा श्वास जमेपर्यंत.

“पोतं बांध,” ते दलालाला म्हणाले.

दलाल गोंधळला. “का शेठ, माल खराब निंघना का?”

“माल एक नंबर शे,” बापूजी म्हणाले. “पण ह्या घरमा आते चाखनारा कोनी ऱ्हायना नही.”