कॉलर होईपर्यंत

आमच्या समोर राहणाऱ्या बाईंना सगळे कॉलरवाल्या काकू म्हणतात. शर्टांच्या कारखान्यात एकजण बाह्या शिवते, एकजण खिसे लावते. काकूंनी जन्मभर फक्त कॉलर केली. "अर्ध्या गावाच्या मानेचा ताठा माझ्या हातात आहे," असं त्या म्हणायच्या. हल्ली म्हणत नाहीत.

काकांनी जन्मभर गाड्यांना स्प्रेने रंग मारला आणि त्यातच फुफ्फुसं घालवून बसले. शेवटी शेवटी पलंगाजवळ ऑक्सिजनचं मशीन आलं. खाली चाकं, वर दोन बटणं, आणि दिवसभर दम लागल्यासारखी घुसघुस. ते रात्रंदिवस वीज खाणार, म्हणून गच्चीवर सोलर पॅनल बसवले. त्यानंतर काकांनी घरात ठेवलेला जादाचा ऑक्सिजन सिलिंडरही परत धाडला. "आता सूर्यच आपल्या घरचा," असं ते येईल त्याला सांगायचे.

त्या दुपारी ऊन रणरणत होतं, मुलगा-सून आपापल्या कामावर होते आणि कारखान्यातली वीज गेली. बाकीच्या बायका वारा खायला दारात जाऊन उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "काकू, घरी जाऊन येताय का? काकांचं मशीन..."

"आमच्याकडे वर पॅनल आहेत, बाई. सगळी वस्ती बंद पडली तरी आमचं चालूच."

हे बोलून त्या कोपऱ्यातल्या पायाच्या मशीनवर जाऊन बसल्या. हातातली कॉलर अर्धवट टाकवत नव्हती. ती उलटवली, सुईने तिची टोकं बाहेर काढली, वरून टीप मारली. मग वीज येत नाही म्हणून निघाल्या. गल्लीत शिरताना बारीक टीं-टीं ऐकू आलं. कुणीतरी गाडी मागे घेत असेल, असं त्यांना वाटलं.

दार उघडलं तर ओरडत होतं ते मशीन. गच्चीवर पॅनल उन्हात चकाकत होते आणि खाली घरात वीज नव्हती. नळी काकांच्या नाकाला जिथल्या तिथे होती.

तेव्हापासून फ्रिजचं दार उघडं राहून टीं-टीं वाजलं तरी काकूंच्या हातातलं भांडं पडतं. पण आवाजापेक्षा त्या शांततेला जास्त भितात. कामावरून आल्या की किल्ली हातात धरून दाराशी कान देऊन उभ्या राहतात. आतून घुसघुस ऐकू आली की मगच कुलूप काढतात. हो, मशीन त्यांनी हलवू दिलेलं नाही. चालू करूनच कामावर जातात. मुलाने एकदा ते कुणा गरजूला द्यायचं म्हटलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मी गेल्यावर दे."

आणि गेल्या आठवड्यात त्यांनी बॅटरी मागवली. वीज गेली तरी पॅनलची वीज घरात खेळती ठेवणारी. सूनबाई मला बोलवायला आली. "तुम्ही तरी समजवा. बाबा होते तेव्हा घेतली नाही, आता कुणासाठी?"

मी गेले तेव्हा वायरमन जिन्याखाली भिंतीला बॅटरी लावत होता. पॅनलही त्यानेच बसवले होते.

"सगळं घर हिच्यावर नाही चालायचं, काकू. मोजके पॉइंट घेऊ. कुठले घ्यायचे सांगा."

"फ्रिज घ्या," सूनबाई म्हणाली. "आणि बाहेरच्या खोलीतला पंखा."

"वायफाय घ्या आधी," मुलगा म्हणाला. "ते गेलं तर हिचं माहेर तुटेल."

"तुटू दे. तुमच्या मॅच तरी बंद होतील."

"पलंगाजवळचा पॉइंट घे," काकू म्हणाल्या.

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, तिथे आता कोण आहे?"

"फ्रिज घे, पंखा घे, काय हवं ते घे. पण आधी तो."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. समजवायला आलेली मी पलंगाजवळच्या पॉइंटकडे बघत राहिले.

काकू वायरमनकडे वळल्या. "लाइन गेली की वरचंही बंद पडतं, हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

त्याने पाना खाली ठेवला. "काकांना सांगितलं होतं. बाहेरची लाइन गेली की पॅनल आपोआप बंद होतात. तसे केलेलेच असतात, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या घरच्या विजेचा धक्का बसेल. बॅटरी घ्या म्हणालो. ते म्हणाले, पुढे बघू. आणि तिला बोलू नकोस."

"का?"

"म्हणाले, तिला कळलं तर दिवा मिणमिणला तरी काम टाकून पळत येईल. कारखान्यातच काय ती चार माणसांत हसते. राहू दे तिला निर्धास्त."

काकूंनी पलंगावरची चादर हाताने सारखी केली. ती सारखीच होती.

"जन्मभर हेच," शेवटी त्या म्हणाल्या. "परस्पर ठरवून मोकळे."

सूनबाई पाणी आणते म्हणून आत गेली ती लवकर आली नाही.

जोडणी झाल्यावर काकूंनी मशीन चालू केलं. वायरमन म्हणाला, "आता बाहेरची लाइन तोडून बघू." त्याने मेन स्विच खाली ओढला. आतल्या खोलीतला पंखा गरगरत थांबला. घर एकदम मुकं झालं. काकूंनी पलंगाची कड घट्ट धरली.

मशीन थांबलं नाही. मोकळ्या उशीवर ठेवलेल्या नळीतून हवा येत राहिली, घुस, घुस. काकूंनी तिच्यापुढे तळहात धरला.

"चालतंय, काकू," वायरमनने जिन्याखालून हाक दिली. "लावू मेन परत?"

"थांब जरा."

"किती वेळ?"

"एक कॉलर होईपर्यंत."

त्याने मेनवरचा हात काढून घेतला. आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे राहिलो. काकू तळहात तसाच धरून बसल्या. त्यांची नजर कुठेच नव्हती, फक्त दुसऱ्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, कॉलरचं टोक काढताना फिरतो तसा.