मधला चेंडू

कतारमधल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीत आम्ही नऊ वर्षं राहिलो. तिथल्या बायकांच्या बैठकीत चहा कुणी आधी उचलायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ट्रे फिरायला लागला की सगळ्यांचे हात मांडीवर. मोठ्या मॅडमनी कप उचलला की त्यांच्या खालच्या ग्रेडच्या इंजिनिअरची बायको, मग त्याच्या खालच्याची. नियम कुठे लिहून लावला नव्हता, पण मोडलाही कुणी नाही. माझा नंबर सातवा-आठवा यायचा आणि तोवर चहा कोमट व्हायचा. मी मुळात तापट, कोमट चहा माझ्या डोक्यात जातो. तरी मी तो नऊ वर्षं गुमान प्यायले.

मोठ्या मॅडम म्हणजे माझ्या नवऱ्याच्या साहेबांची बायको. नागपूरच्या, पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. बाई वाईट मुळीच नव्हत्या. कुणी आजारी पडलं की त्यांच्या घरून डबा यायचा. पण आम्हीच त्यांना इतकं उंचावर बसवून ठेवलं होतं की त्यांच्याशी साधं बोलायचं म्हटलं तरी माझी मान आपोआप थोडी वाकायची.

वर्ल्ड कपला जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दोह्याच्या बसमधून जाताना दर वेळी नवीन झेंडे, नवीन पूल, नवीन पाट्या दिसायच्या. पुरुषमंडळींना फुटबॉलशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्या घरात मात्र वेगळा विषय होता. आमच्या लेनमधली दोन घरं त्या जूनमध्ये रिकामी झाली होती. कॉन्ट्रॅक्ट खलास, मुलांचे शाळेचे दाखले काढले, सामान बांधलं आणि गेली. आमचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या मार्चमध्ये संपणार होतं आणि पुढच्याच वर्षी लेकीची दहावी. मुदतवाढीचा कागद साहेबांच्या टेबलावरून जाणार होता. नवरा रोज रात्री जेवताना म्हणायचा, "मार्चपर्यंत जरा गोडीत घ्या सगळ्यांशी." सगळ्यांशी म्हणजे कुणाशी, ते मला कळत होतं.

त्याच सुमारास शेजारच्या व्हिलात एक कोरियन जोडपं राहायला आलं. त्यातला नवरा प्लांटच्या एका विस्ताराच्या कामावर होता, तोही मार्चपर्यंतच. बायको माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. वय कळल्यापासून मला 'ओन्नी' म्हणायला लागली. ओन्नी म्हणजे ताई. वाटी परत द्यायची तरी दोन्ही हातांनी, कंबरेत वाकून. मी चहाचा घोट घेतल्याशिवाय ती कपाला हात लावायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आधी कुणी कप उचलत नव्हतं. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

जुलैच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी, ती दारात उभी राहिली. अंगात तिच्या देशाच्या संघाची जर्सी, हातात भाताच्या गुंडाळ्यांचा डबा. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या बायकांचा व्हॉलीबॉलचा सामना होता, जपानशी, आणि तिच्या टीव्हीवर तो चॅनेल लागत नव्हता. माझा नवरा स्टेडियमवरचा कुठलातरी कार्यक्रम बघत बसला होता. मी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, त्यामुळे तो कुठे जाऊही शकत नव्हता.

मी कराडला कॉलेजच्या संघात होते. डिफेन्सला खेळायचे. हे तिला सांगितलं तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नम्रपणे मान डोलावली. लेक आतून म्हणाली, "आई, यू नेव्हर टोल्ड मी दॅट." सांगितलं होतं, पाच-सहा वेळा तरी.

सामना पाचव्या सेटला गेला. जपानला एकच पॉइंट हवा होता आणि तो त्यांना मिळेना. शेजारीण ओरडत नव्हती. तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की संध्याकाळी तिथं वळ होते. कोरियाच्या पोरी प्रत्येक चेंडूला काहीतरी ओरडायच्या, 'माई' असं. मी विचारलं तर म्हणाली, माझा म्हणून ओरडतात. मग तिनं मला बोटानं एक गोष्ट दाखवली. वेगळ्या रंगाची जर्सी घातलेली ती बुटकी पोरगी ओरडली की तिच्याहून हातभर उंच असलेली कप्तानसुद्धा बाजूला होते. नुसती बाजूला होत नाही, वळून तिच्या मागे जाऊन उभी राहते. चेंडू चुकून मागे उडाला तर उचलायला.

"पण ती कप्तान आहे ना? मोठी आहे ना?" मी म्हटलं. "तुमच्यात तर एवढा मान देतात."

"मैदानाबाहेर गेल्यावर ओन्नी," ती म्हणाली. "आत चेंडू."

मग कोरियानं सामना जिंकला, आणि ही बाई माझ्या गळ्यात पडून रडली. नवरा स्वयंपाकघरात जाऊन उरलेले पोहे खात उभा राहिला.

नोव्हेंबरमध्ये हवा जरा बरी झाली आणि कॉलनीत नोटीस लागली. फेब्रुवारीत देशभर क्रीडा दिनाची सुट्टी असते, त्या दिवशी आमच्याकडे बायकांचा व्हॉलीबॉलचा सामना व्हायचा. आमचा ब्लॉक विरुद्ध कंपनीच्या क्लिनिकमधल्या फिलिपिनो नर्सेस. त्या आम्हाला दर वर्षी सरळ दोन सेटमध्ये धुवायच्या. मी इतकी वर्षं बाकावर बसून सरबत वाटत होते. या वेळी शेजारणीनं मला न विचारता दोघींची नावं देऊन टाकली.

चेंडू आणायला आम्ही दोह्याला गेलो. अल मन्सूरात किराणा घेतला आणि मग अल नस्रमधली खेळाच्या सामानाची तीन दुकानं पालथी घातली. जिकडे तिकडे फुटबॉल. तिसऱ्या दुकानातला मल्याळी माणूस म्हणाला, "मॅडम, वर्ल्ड कप आ रहा है, फुटबॉल ले लो." शेजारणीनं दोन्ही हातांनी हवेत पास देऊन दाखवला तेव्हा त्यानं माळ्यावरून धुळीनं भरलेला एक व्हॉलीबॉल काढून दिला.

सरावाला सहा जणी. मोठ्या मॅडम अर्थातच होत्या, दर वर्षी असायच्या. मागच्या ओळीत त्या मध्ये आणि मी त्यांच्या डावीकडे. पहिल्याच संध्याकाळी सर्व्हिस आली ती बरोबर आमच्या दोघींच्या मधे. मला दिसली, पोचलेही असते. पण पाय जागचे हलले नाहीत, कारण मॅडमनी हात पुढे केले होते. चेंडू त्यांच्या मनगटावर आपटून बाहेर गेला. बाकीच्या तिघी म्हणाल्या, "गुड ट्राय, मॅडम." मीही म्हटलं.

असं पाच-सहा वेळा झाल्यावर शेजारीण जाळीपासून माझ्याकडे आली. "ओन्नी, तुला चेंडू दिसत नाही?"

"दिसतो."

"मग?"

मी तिला सगळं सांगितलं. साहेब, कागद, मार्च, लेकीची दहावी. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "बरं. मग तुझा चेंडू कोणता?"

डावीकडच्या रेषेला लागून येणारे तेवढे माझे, असं काहीतरी पुटपुटले. घरी येताना मला स्वतःचा इतका राग आला की मी लेकीवर विनाकारण ओरडले. कॉलेजात असताना मी संघाच्या कप्तानाला ढकलून चेंडू घेतला होता. ती मुलगी कुठे गेली, हे मला खरंच कळत नव्हतं.

तीन महिने शेजारणीनं आम्हाला पिळून काढलं. जी ओरडेल तिनं घ्यायचा, बाकीच्यांनी तिच्या मागे जायचं. सगळ्या हळूहळू ओरडायला लागल्या, कुणी 'माइन', कुणी 'मेरा'. मीही ओरडायचे, डावीकडच्या चेंडूंना. मधल्या चेंडूला तोंड उघडायचं नाही. मॅडम मागे जायला मात्र चटकन शिकल्या. कुणी ओरडलं रे ओरडलं की त्या वळून मागे पळायच्या. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

क्रीडा दिनाला कोविडमुळे प्रेक्षक मोजकेच होते. साहेब पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी माझा नवरा, मास्कच्या वर फक्त काळजीचे डोळे. लेक गुणफलकापाशी. पहिला सेट आम्ही हरलो. त्यात चार चेंडू मॅडम आणि माझ्या मधे पडले, मी मोजले.

सेट संपल्यावर शेजारणीनं मला पाण्याची बाटली आणून दिली. दोन्ही हातांनी, वाकून. "ओन्नी," ती म्हणाली, "मी मार्चमध्ये जाणार. जायच्या आधी एकदा ऐकायचंय."

दुसऱ्या सेटमध्ये ती एकटी तिघींचं खेळली. आमच्यावर इतकं पुढे जायची वेळ कधी आलीच नव्हती. चोवीस-तेवीस, आम्ही पुढे. नर्सेसच्या बाजूनं सर्व्हिस आली. वर गेली, खाली यायला लागली, आणि मला कळलं की ही मधली आहे. मॅडमनी हात पुढे केले. समोर साहेब, शेजारी नवरा. आणि मी ओरडले, "माझा!"

इंग्रजी नाही, हिंदी नाही. अख्ख्या मैदानात ते मराठी किती जणांना कळलं असेल देव जाणे, पण नर्सेससुद्धा दचकल्या.

मॅडम क्षणात बाजूला झाल्या. मी चेंडूखाली गेले आणि वीस वर्षांनी घेतलेला तो मधला चेंडू मी अत्यंत वाईट घेतला. डाव्या हातावर लागून तो थेट माझ्या डोक्यावरून मागे उडाला. संपलं, असं वाटलं मला. मागे वळले तर तिथं मॅडम उभ्या. सरावात धावायच्या तशाच मागे धावल्या होत्या. त्यांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही मुठी एकत्र केल्या आणि फटका मारला. चेंडू जाळीच्या पार गेला आणि दोन नर्सेसच्या बरोबर मधे पडला. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यातली एक हेड नर्स होती, हे आम्हाला नंतर कळलं.

तिसरा सेट त्यांनी आम्हाला खेळूच दिला नाही, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्या ब्लॉकनं आजवर एकही सेट घेतला नव्हता. शेजारीण जपानच्या सामन्यानंतर रडली होती तेवढीच आताही रडली.

सरबताच्या टेबलापाशी मॅडम माझ्याजवळ आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं. त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"सहा वर्षं खेळतेय गं मी इथं," त्या म्हणाल्या. "मला चेंडूची भीती वाटते. अंगावर आला की डोळे मिटतात. आणि तुम्ही सगळ्या प्रत्येक चेंडू माझ्यावर सोडता. वर म्हणता गुड ट्राय. मला वाटायचं, या माझी गंमत बघतायत."

"अहो मॅडम, नाही हो. आम्ही मान म्हणून..."

"ते आता कळलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आधीच ओरड." मग त्यांनी टेबलावरचा सरबताचा पहिला ग्लास उचलला आणि माझ्या हातात दिला. गार होता.

मला तिथंच रडू आलं असतं. सहा वर्षं आम्ही ज्याला आदर समजत होतो, त्याची त्या बाईला दर फेब्रुवारीत धास्ती वाटत होती.

घरी येताना लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, दॅट वॉज सो लाउड," आणि बराच वेळ हसत राहिली. मलाही हसू येत होतं, पण मार्च डोक्यात होताच. पुढचे तीन आठवडे मी फोन वाजला की आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेजारीण गेली. व्हॉलीबॉल मला देऊन गेली, आणि मी तिला थालीपीठाची भाजणी दिली. आम्ही दोघींनी एकमेकींना दोन्ही हातांनी दिलं, त्यामुळे घ्यायला कुणाचाच हात मोकळा राहिला नाही आणि भाजणीची पिशवी खाली पडली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी नवरा दुपारीच घरी आला, हातात पाकीट. मुदतवाढ मिळाली होती, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. दहावी इथंच होणार होती. तो चपला काढायच्या आधीच खुर्चीत बसला. मी कागद घेतला, दोनदा वाचला, आणि मग खाली साहेबांची सही पाहिली. सहीखाली तारीख जानेवारीतली होती. क्रीडा दिनाच्या दोन आठवडे आधीची. मी मैदानावर ओरडले तेव्हा आमचा कागद सही होऊन कुठल्यातरी खणात पडलेला होता.

नवऱ्यालाही ती आत्ताच दिसली. "बघ," तो म्हणाला, "उगाच घाबरत होतीस."

"बरं झालं मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

सही झालीय हे माहीत असतं तर त्या ओरडण्याला काही किंमतच नव्हती, हे मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या डोक्यावरून गेलं. मग शेजारणीला व्हिडिओ कॉल लावला, कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि तारखेवर बोट ठेवलं. तिनं तारीख वाचली. मग तिनं फोन बाजूला टेकवून ठेवला आणि मला कंबरेत वाकून नमस्कार केला.