सत्कार यांचा, शिलाई माझी

लॉकडाऊन लागला आणि पाचोऱ्याचा बाजार बंद पडला. माझे यजमान तिथे धान्य मोजणारे मापाडी. सुरुवातीला ते रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे. जायला जागा नव्हती. मग शर्ट सुटला, दाढी वाढली आणि खाटेवर पडून टीव्हीवरच्या बातम्या मोठ्याने ऐकवणं एवढाच उद्योग उरला. तेव्हा खरंच कीव यायची.

मला पडायलाही सवड नव्हती. त्यातच गल्लीतली आशाताई म्हणाली, "ताई, कुठेच मास्क मिळत नाहीत. तुमच्याकडे मशीन आहे ना?" जुन्या सुती साड्या उकळून मी शिवायला बसले. दिवसाला काहीतरी अर्थ आला.

यांना तो आवाज सोसेना. "हाई काय खडखड शे! चिंध्या शिवीसन रोग जाई का?" म्हणत एकदा त्यांनी तयार ढीग लाथेने उडवला. मी एकेक मास्क गोळा करून पुन्हा धुतला. कीव त्याच पाण्यात गेली.

पुढे वॉर्डात मास्क शिवून देणाऱ्यांचा सत्कार ठरला. निमंत्रण घरधन्याला. हे गेले, शाल-नारळ घेतला आणि भाषणही ठोकलं, "मी स्वतः बसून मास्क शिवले." शेजारणीच्या मोबाइलवर मी ते पाहिलं. मग पुन्हा मशीनवर बसले. वाट पाहिली.

शाळा उघडायच्या आधी दोन शिक्षिका आल्या. मास्क कसा शिवायचा ते त्यांना शिकायचं होतं. यांनी मला हाक मारली. मी बाहेर येऊन म्हटलं, "सत्कार यांचा झालाय. हेच दाखवतील." मशीन पुढे ओढून कापड त्यांच्या हातात दिलं.

दोरा सुईत जाईना. कपाळावर घाम आला. एक शिक्षिका खिडकीबाहेर बघू लागली.

"दोरा तरी ओवून दे," ते पुटपुटले.

"भाषणात तर ओवला होता."

शेवटी ते उठले. "बठ्ठं, सगळं हिनीच शिवेल शे. मी ते खाटवर पडेल व्हतू."

मग मी शिक्षिकांना संध्याकाळपर्यंत शिकवलं. त्या गेल्यावर आतून सगळं ऐकलेल्या सासूबाई कडाडल्या, "नवऱ्याची अब्रू घालवलीस!"

"मी कुठे घालवली? तेच सभेत घेऊन गेले होते," मी म्हटलं.

नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मनात शोधलं, सापडलं नाही. भूक मात्र चांगली लागायची.