पंखे बंद ठेवून चढलेला घाट

आमच्या नाटक कंपनीत टाळ्या आम्ही नटांनी घेतल्या, पण आम्हाला उजेडात आणायचा तो वायरमन. कंपनी बुडाली तेव्हा मालकाने सामान वाहायची पिकअप त्याच्या गळ्यात मारली. कंपनीची प्रॉम्प्टर त्याने आधीच पटकावली होती. ती आमची वहिनी. विंगेतल्या नुसत्या कुजबुजीवर तिने भल्याभल्यांची अब्रू राखली.

पुढे तो पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंग करू लागला. पिकअपवर त्याचा भारी जीव. तिचा इंजिन गार ठेवणारा पंखा पट्ट्यावर फिरायचा, म्हणजे इंजिनाचीच ताकद खायचा. याने तो काढून विजेचे दोन दांडगे पंखे बसवले. "चढाला आता हरणासारखी पळते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. वीज करणारा अल्टरनेटर मात्र जुनाच. तो एवढ्यांना पोसेल का, असं मी विचारलं तर म्हणाला, "दादा, तुम्ही आपले संवाद पाठ करा!"

मग वहिनीच्या फुप्फुसाभोवती पाणी साचू लागलं. दर आठवड्याला घाटापलीकडच्या इस्पितळात ते काढावं लागे; नाही काढलं तर श्वास कोंडे. रुग्णवाहिका फक्त अत्यवस्थ माणसासाठी यायची. वाटेत ऑक्सिजनचं यंत्र लागायचं, ते त्याने गाडीच्या विजेवर जोडलं. थंडीत निभावलं. उन्हाळा लागला आणि सकाळच्या प्रहरीसुद्धा चढावर पंखे सुरू झाले, की यंत्र टीं टीं करत मान टाकू लागलं. जुना पंखा भंगारात जाऊन वितळला होता. मोठा अल्टरनेटर बसवून पाहिला, तर पट्टा घसरायचा.

शेवटी त्याने पंख्यांची वायर उपटली आणि भर उन्हाळ्यात केबिनचा हीटर लावला. इंजिनाची धग त्या वाटेने आत यायची. इंजिनही वाचायचं, यंत्रही चालायचं.

त्या दिवशी मी सोबत होतो. वहिनी आमच्या दोघांच्या मध्ये, नाकात नळी, पायाशी यंत्र. काचा खाली होत्या, तरी आत भट्टी.

"भावजी, तुमचा रंग ओघळतोय," वहिनी म्हणाली.

"रंग लावायचं केव्हाच सोडलं, वहिनी."

"म्हणजे हा खरा चेहरा? बाई गं! तेव्हा लावत होता तेच बरं."

मी खो खो हसलो. तो हसला नाही. त्याची नजर तापमानाच्या काट्यावर.

अर्ध्या घाटात तिची मान कलली. "अहो, हीटर बंद करा."

"एवढं वळण काढ गं."

"धगीनेच जीव चाललाय माझा."

त्याने हीटर बंद केला. काटा लाल रेषेकडे सरकला. गाडी कडेला घेऊन पंख्यांची वायर जोडली, तर यंत्राने टाहो फोडला. इंजिन बंद केलं, तर एकटी बॅटरी यंत्राला पुरेना. तो पुठ्ठ्याने तिला वारा घालत राहिला. तिचे ओठ निळे पडले होते.

"परत फिरवा," एकेक शब्द तोडत ती म्हणाली.

"जरा थांबू. इंजिन गार झालं की निघू."

"मग पुढचं वळण... नाही हो होणार माझ्याच्याने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि वहिनीला वारा घालू लागलो.

त्याने गाडी वळवली. उतारावर इंजिनाला कसलं ओझं? पंखे नकोत, हीटर नको. यंत्र गुण्यागोविंदाने चालू लागलं, खिडकीतून वारा आला, वहिनीचे ओठ तांबूस झाले.

"बघितलंस, कशी चालते!" सवयीने तो बोलून गेला. इस्पितळाकडे पाठ फिरवली तरच ती गाडी तिला श्वास देणार होती.

पुढच्या आठवड्यात त्याने गाडी दाराशी लावली, हॉर्न दिला. वहिनी खाटेवरून उठली नाही.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "इथे बसा माझ्यापाशी."

इंजिन बंद करून तो आत आला आणि बसला.